भाच्याच्या बोटीतून इंग्लंडचा कालवा: गुडघेदुखी आहे, पोहता येत नाही, तरी जमेल का?

गोदाकाठची मावशी
१२ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा इंग्लंडात नॅन्टविच गावाजवळ असतो. मागच्या वर्षी त्याने तिथल्या कालव्यांत चालणारी एक जुनी बोट विकत घेतली. नॅरोबोट म्हणतात तिला. लांबी पन्नास फूट आणि रुंदी सात फुटांनाही दोन इंच कमी. फोटो बघून सासूबाई म्हणाल्या, "ही तर उभी चिरलेली एसटी." आता तो हट्ट धरून बसलाय की मावशी, यंदा जूनमध्ये याच, लँगॉलन कालव्याने थेट वेल्समध्ये जाऊ, आठवडाभर बोटीतच राहू.

आमची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि नंतरची विरळणी उरकली की जूनमध्ये दोन आठवडे निघता येतं. पण आमचे हे काही तयार होत नाहीत. त्यांच्या मते कालवा म्हणजे पाळी आली की पाणी, नाहीतर कोरडा, आणि मध्ये एखादी म्हैस बसलेली. त्यात बोट घालून सुट्टी घालवायची म्हणजे काय, असं विचारतात.

माझे प्रश्न वेगळे आहेत. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. माझे गुडघे दुखतात, आणि भाचा म्हणतो वाटेत २१ लॉक आहेत, दारं ढकलावी लागतात. शिवाय कुठेतरी कालवाच पुलावरून जातो म्हणे, तोही एका बाजूला कठडा नसलेला! स्वयंपाक, संडास, थंडी यांचं काय? इथे कुणी असा प्रवास केला असेल तर खरं खरं सांगा. सगळं छानच असतं असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ पाहून झालेत.


सातपूरकर
१२ फेब्रुवारी २०२४

मावशी, आधी काकांना गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर नेऊन एक चक्कर मारून आणा. उतरल्यावर चेहरा कसा दिसतो त्यावर ठरवा. (माझा स्वतःचा अनुभव शून्य. धागा वाचायला बसलोय.)


निवृत्त पाटकरी
१३ फेब्रुवारी २०२४

ताई, मी पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं काढली, त्यातली बरीचशी नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्यांवर. पाटकरी नव्हतो, शाखा अभियंता होतो, पण शेतकरी हाक तीच मारायचे. २०१९ च्या जूनमध्ये मुलगी, जावई, सौ. आणि मी, असे चौघे याच लँगॉलन कालव्यावर भाड्याच्या बोटीने आठवडाभर हिंडलो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या ह्यांची शंका. आपला कालवा पाणी न्यायला खणलेला असतो, त्यामुळे त्याला उतार हवाच. तिकडचे कालवे माल न्यायला खणले. कोळसा, लोखंड, चुनखडी बोटीत आणि काठाने चालणारा घोडा ती ओढतोय. त्यामुळे पाणी सपाट, उभं राहिलेलं. जमीन चढली की लॉक, म्हणजे शाळेच्या भूगोलातला जलपाश. बोट आत घ्यायची, खालचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं, बोट उचलली जाते. खाली उतरताना ते पाणी सोडून द्यायचं. मी कागदावर हिशेब केला. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद, आठ फूट चढ धरला तर एका वेळी एक लाख दहा हजार लिटर. दहा हजारी अकरा टँकर! आमच्या येवल्याच्या व्याह्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मी असल्या बोटीत पाय ठेवणार नाही, पाप लागेल.

म्हणून तिथे उन्हाळ्यात ऊन त्रास देत नाही, वरचे तलाव किती भरलेत ते बघावं लागतं. डोंगर ओलांडणाऱ्या कालव्याला सगळं पाणी माथ्यावरून पुरवावं लागतं. २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बोटींना बंद ठेवावा लागला तो याच कारणाने.

लँगॉलनचं मात्र निराळं आहे, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी बोट काठाला बांधून चहा पीत होतो. पाण्यावर एक काडी चाललेली दिसली. जावयाला म्हटलं, हे पाणी वाहतंय. तो म्हणाला, बाबा, वारा असेल. मी काठावर तीस पावलं मोजली, काडी टाकली, घड्याळ लावलं. काडी वाऱ्याच्या उलट निघाली. मुलगी कपाळाला हात लावून बसली, पण आमच्या खात्यात वेग असाच काढायचे.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. लँगॉलन गावाच्या वर डी नदीवर टेलफर्ड या अभियंत्याने १८०८ मध्ये बंधारा बांधला, हॉर्सशू फॉल्स नावाचा. अर्धगोल, ठेंगणा, देखणा. तिथून नदीचं पाणी कालव्यात शिरतं आणि चाळीसेक मैल वाहत पार दुसऱ्या टोकाला हर्ल्स्टनच्या तलावात पडतं. तिथून लोकांच्या नळाला. दिवसाला साधारण ५ कोटी लिटर, म्हणजे आपल्या भाषेत २० क्युसेक. एक बरीशी चारी, म्हणजे शेतांकडे जाणारा छोटा पाट. आणि गंमत म्हणजे १९४४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून हा कालवा बोटींसाठी बंद केला होता. बाकीचे असे बरेच कालवे बुजले, काहींवर रस्ते झाले. (नाशिकला आपल्या उपनगरच्या कॅनॉल रोडवर उभं राहून विचार करा.) हा राहिला, कारण पिण्याचं पाणी न्यायला हवा होता. आज हौशी बोटवाल्यांचा हा सगळ्यात लाडका कालवा, आणि तो जगला पाट म्हणून. ह्यांना एवढं सांगाच.

त्याचा तुम्हाला व्यवहारात अर्थ असा की जाताना प्रवाहाविरुद्ध जायचंय. लँगॉलनच्या अलीकडे कालवा इतका अरुंद आणि उथळ होतो की एका वेळी एकच बोट जाते. पुढे माणूस चालत पाठवून समोरून कुणी येत नाही ना बघावं लागतं. तिथे जावयाने घाई करून इंजिन वाढवलं. बोटीचा मागचा भाग खाली बसला, तळाचा गाळ वर आला आणि वेग उलट कमी झाला. बोटीने कालव्याचा छेदच अडवलेला असतो, पाण्याला बाजूने मागे जायला वाव द्यावा लागतो. इंजिन कमी केलं तसे पुढे सरकलो. मर्यादाच मुळी ताशी चार मैलांची आहे, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू. काठाने कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई आमच्या पुढे गेल्या.

गुडघ्यांचं. २१ लॉक खरे, पण त्यातले १९ हर्ल्स्टन ते ग्रिंडली ब्रूक या पहिल्या टप्प्यात आहेत. भाच्याला एखादा मित्र घेऊन तेवढं उरकू द्या. तुम्ही रेल्वेने व्हिटचर्चला या आणि तिथे बोटीत चढा. पुढे लँगॉलनपर्यंत न्यू मार्टनचे दोनच लॉक. काही उचलायचे पूल आहेत, ते हातांचं काम. आम्ही मूर्खासारखे सगळेच लॉक केले. ग्रिंडली ब्रूकला सहा आहेत, त्यातले तीन जिन्यासारखे एकाला एक चिकटलेले. एकाचं वरचं दार तेच पुढच्याचं खालचं. वर जाताना वरचे भरलेले आणि खालचा रिकामा हवा, नाहीतर पाणी काठावरून सांडतं. हंगामात तिथे माणूस असतो, त्याला विचारल्याशिवाय पाणी सोडायच्या झडपेला हात लावू नका. मी लावला. खात्यातला माणूस, मला काय सांगता, या थाटात. शिवाय झडप फिरवायची लोखंडी दांडी माझ्या हातून निसटून पाण्यात गेली ती गेलीच. तेव्हा दोन जास्तीच्या दांड्या ठेवा.

पाण्यात पडण्याची भीती. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा. पडलात तर आधी उभं राहून बघा. लॉकमध्ये मात्र खेळ नको. उतरताना मागच्या दाराखाली दगडी उंबरा असतो, पाणी कमी झालं की उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर नाक खाली जातं आणि बोट बुडते. भिंतीवर पांढरी रेघ असते, सुकाणूवाल्याने तिच्या पुढेच राहायचं. लाइफ जॅकेट घाला, लाजू नका.

आता पूल. आधी चर्क येतो, १८०१ चा. त्याच्या मधोमध इंग्लंड संपून वेल्स लागतं आणि शेजारच्या उंच पुलावरून आगगाडी जाते. लगेच सव्वाचारशे मीटरचा बोगदा, पुढचा दिवा लावायचा. मग पोन्टकसल्टे. (नावाचा खरा उच्चार करायला जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडावी लागते. सौ.ना पहिल्या फटक्यात जमला, मला अजून नाही.) टेलफर्ड आणि जेसप यांनी १७९५ ते १८०५ या दहा वर्षांत बांधला. ३०७ मीटर लांब, नदीपासून ३८ मीटर उंच, १८ दगडी खांबांवर ओतीव लोखंडाची पन्हळ. चालायच्या वाटेकडे कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्याच्या जेमतेम वर आणि पुढे थेट दरी. भाचा खरं बोलला. पण बोट पन्हळीत बसवल्यासारखी चालते, पडायला जागाच नाही. सौ. आत बसून रामरक्षा म्हणत होत्या. मी बाहेर पत्र्यांचे सांधे बघत होतो. दोनशे वर्षांत गळती किती, तर मला एक ठिपका दिसला नाही. खांबांच्या चुन्यात बैलाचं रक्त मिसळलंय असं तिथे सांगतात, ते सौ.ना घरी आल्यावर सांगितलं. आणि पन्हळीला तळाशी बूच आहे. तपासणी करायची असली की दोन्हीकडून पाणी अडवून बूच ओढतात, सगळं पाणी धबधब्यासारखं नदीत. अशी सोय आम्हाला कधी कुणी दिली नाही.

सुकाणू शिकायला अर्धा दिवस लागतो. दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे. आणि बोट मध्यावर फिरते, म्हणून मागचं टोक काठावर आपटतं. पहिले तीन पूल आम्ही खरवडले.


चेशायरमधली नाशिककर
१३ फेब्रुवारी २०२४

काकांनी एवढं लिहिल्यावर उरतं ते घरातलं.

मावशी, "उन्हाळा" हा शब्द नाशिकलाच ठेवून या. जूनमध्ये दुपारी वीस-बावीस अंश, रात्री दहा-बारा. स्वेटर, रेनकोट आणि टोपी तिन्ही एकाच दिवसात लागतात. पण उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, आणि जून निवडलात ते उत्तम. जुलैअखेर शाळा सुटल्या की ऑगस्टभर लॉकवर रांगा लागतात.

भाड्याच्या बोटीला आपल्याला परवाना लागत नाही, पण भाच्याची स्वतःची आहे तर त्याला तीन गोष्टी नक्की विचारा: कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना चालू आहे का, सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र (दर चार वर्षांनी लागतं) संपलेलं नाही ना, आणि विम्यात पाहुणे धरलेत का. राग येऊ दे त्याला.

संडास दोन तऱ्हेचे. एकात खालचा डबा काढून ठरावीक ठिकाणी रिकामा करायचा, दुसऱ्यात मोठी टाकी पंपाने उपसतात. पहिला असेल तर डबा नेण्याचं काम कुणाचं ते निघण्यापूर्वी ठरवा. आमच्याकडे यावरून दीर-भावजयीत अबोला झाला होता.

गॅस आहे, कुकर चालतो. फक्त थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या, हवेच्या झडपा बंद करून शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोटीवर असलाच पाहिजे, बटण दाबून वाजतो का पाहा. कणीक, भाज्या एल्समिअरला मिळतात, दुकान तिथल्या कालव्याच्या फाट्याच्या टोकाशीच आहे. गोडा मसाला आणि मेतकूट तेवढं घेऊन या. कांद्याबद्दल मात्र काही बोलू नका तिथे, पाणचट असतो. पाण्याची टाकी भरायला तास जातो, तेवढ्यात भात होतो.


गोदाकाठची मावशी
१५ फेब्रुवारी २०२४

दोघांचे खूप आभार. काका, तुमचा मजकूर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. अकरा टँकरला नाक मुरडलं. काडीपाशी आले तेव्हा चष्मा मागून स्वतः वाचायला घेतलं. आता म्हणतात, येतो, पण ते वीस क्युसेक मोजतात कुठे ते दाखवा. कुणी मोजतं का, की आपल्यासारखं अंदाजे?

भाच्याला फोन केला. विमा आहे, प्रमाणपत्र आहे, संडास डब्याचा आहे. व्हिटचर्चला चढायचं ठरलं.


निवृत्त पाटकरी
१५ फेब्रुवारी २०२४

मोजतात! बंधाऱ्याला लागून कालव्याच्या तोंडाशीच मीटर हाउस आहे, लहानशी इमारत. लँगॉलनच्या पुढे इंजिनाच्या बोटींना जाऊ देत नाहीत, त्या पट्ट्यात घोड्याने ओढलेली बोट चालते. पण तुम्ही चालतच जा. दोनेक मैल, काठाचा रस्ता सपाट, गुडघ्यांना काही होणार नाही, आणि बसायला बाक आहेत. भाच्याला म्हणावं लँगॉलनच्या धक्क्यावर पैसे भरून दोन रात्री बोट बांध. एका दिवसात ह्यांचं तिथलं बघून होणार नाही.