कम्पॅटिबिलिटी मोडने हे सुटणार नाही

विंडोज ७ वर चालणारं दुकानाचं जुनं बिलिंग नव्या विंडोज ११च्या पीसीवर चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. वर कम्पॅटिबिलिटी मोड (प्रोग्रामला जुन्या विंडोजसारखं वागवणारी सेटिंग) लावून बघायचा सल्ला आलाय, पण त्यात वेळ घालवू नका. तुमचं बिलिंग फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधलं, तेही डॉसवरचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमसाठीचं. विंडोज ७ची ३२-बिट आवृत्ती असे १६-बिट प्रोग्राम चालवायची. ६४-बिट विंडोजमध्ये ती सोयच नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. त्यामुळे सेटिंग कितीही बदला, 'हा ॲप चालू शकत नाही' हेच उत्तर येणार.

आधी सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. नुसत्या डीबीएफ (मुख्य डेटाच्या) फाइल्स पुरत नाहीत, एफपीटी (लांब मजकुराच्या) आणि इंडेक्सच्या फाइल्सही हव्यात.

मग व्हीडॉस वापरून बघा, हे डॉसचे प्रोग्राम आजच्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर आहे. त्याच कामाचा डॉसबॉक्स जास्त प्रसिद्ध आहे खरा, पण तो गेम्ससाठी बनलेला. व्हीडॉस मुळात ऑफिसच्या कामासाठीच आहे. जुना प्रोग्राम एलपीटी१ वर (प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर) प्रिंट पाठवतो, ते व्हीडॉस विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. डॉट मॅट्रिक्सवर बिलाचे कॉलम सरकले तर फॉन्ट आणि मार्जिनशी थोडी झटापट होईल, त्याला इलाज नाही.

दोन-तीन काउंटरवरून एकच डेटा उघडत असाल तर मात्र मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत दुसरा पीसी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट विंडोज टाकेन, फाइल लॉकिंगची (एकाच वेळी दोघांनी तीच नोंद बदलू नये म्हणून ती अडवण्याची) भानगड कमी होते. विंडोज १० टाकलंत तर त्यात एनटीव्हीडीएम (१६-बिट प्रोग्राम चालवणारा विंडोजचा भाग) वेगळं चालू करावं लागतं. त्या व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट देऊ नका, फक्त दुकानातलं नेटवर्क द्या.

आणि जुना पीसी एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नका. निदान एक जीएसटी रिटर्न नव्यावरून भरून होऊ द्या.