अनुभव धागा: पीएसव्ही आइंडहोवन, नेदरलँड्समधल्या फिलिप्स कारखान्याची फुटबॉल टीम

स्ट्राइपकर
शेजारचे आजोबा वृद्धाश्रमात राहायला गेले. शनिवारी त्यांचा मुलगा घर रिकामं करत होता, फुटपाथवर खोकी मांडलेली. एका खोक्यात फ्रेम केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण होतं. कागद चहाच्या रंगाचा झालाय, एका कोपऱ्यात पाणी शिरून शाई फुटलीय, पण फोटो स्पष्ट आहे: पीएसव्हीचा गोलकीपर फान ब्रुकेलन आडवा झेपावलाय आणि चेंडू त्याच्या हाताला लागलाय. २५ मे १९८८, स्टुटगार्ट, युरोपियन कपची फायनल. मुलगा म्हणाला, घेऊन जा, बाबांना आवडेल. आता आमच्या जिन्यात टांगलंय.

आजोबा फिलिप्सच्या काच कारखान्यात होते. माझे बाबा ठाण्याला कळव्याच्या फिलिप्समध्ये. मी इथे नवीन आले तेव्हा आमची ओळख याच धाग्यावर झाली आणि मग त्यांनी मला हा क्लब शिकवला, अगदी पहिलीच्या मास्तरांसारखा. ३१ ऑगस्ट १९१३ ला स्थापना. फ्रेंचांच्या राज्यातून देश सुटला त्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलिप्सने कामगारांसाठी मोठा सोहळा केला, त्यातूनच हा क्लब निघाला. १९२८ पर्यंत फिलिप्समध्ये नोकरी असेल तरच खेळायला मिळायचं. दार सगळ्यांना उघडलं आणि १९२९ ला पहिल्यांदा देशाचं विजेतेपद!

बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ कळव्याच्या कँटीनबद्दलच बोलत होते. असो. तुमच्या पीएसव्हीच्या आठवणी लिहा. मॅच बघितलेली नसली तरी चालेल.

मंगळवार_पेठ
ब्राझीलचा रोनाल्डो!!! बाकी मला काही माहीत नव्हतं. ९४ च्या वर्ल्ड कपला पूर्ण वेळ बेंचवर बसलेलं पोरगं, १७ वर्षांचं, तिथून थेट पीएसव्हीला. पहिल्याच मोसमात लीगमध्ये ३० गोल. दोन वर्षांत ५७ सामने ५४ गोल. आमच्या तालमीत एकाने वर्तमानपत्रातला चौकोनाएवढा फोटो कापून भिंतीला लावला होता, खाली खडूने पीएसव्ही. हे गाव कुठल्या देशात आहे यावर दोन दिवस वाद. शेवटी भूगोलाच्या सरांकडे गेलो.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पीटीएम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी अशा आमच्या टीम. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेत दुकानं लवकर बंद.

वाडीकर
@मंगळवार_पेठ भाऊ, मी सांगली जिल्ह्यातला, शाहू स्टेडियमवर फायनल बघितलीय. कान बसले होते.

स्ट्राइपकर, तुमच्या लेखातलं वाचून एक गोष्ट लिहितो. मी किर्लोस्करवाडीत वाढलो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर वसवलेली वाडी. कारखाना, घरं, शाळा, क्लब, सगळं एका भोंग्यावर. एएसएमएल या चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीच्या कामासाठी आइंडहोवनशेजारच्या फेल्डहोवनला आलो तेव्हा एका रविवारी पायी फिरत फिलिप्सडॉर्पमध्ये शिरलो. फिलिप्सने कामगारांसाठी बांधलेली वसाहत, बांधकाम सुरू झालं तेही १९१० ला! लाल विटांची बैठी घरं, पुढे हातभर बाग, आणि गल्लीच्या टोकाला भलंमोठं स्टेडियम. मैदान मूळचं तिथलंच, कामगारांच्या खेळासाठीचं. पुढे वाढत वाढत त्याचंच ३५ हजारांचं फिलिप्स स्टेडियम झालं. मी तिथे उभा राहिलो आणि आमच्या वाडीतल्या घरांची रांग डोळ्यापुढे आली. आईला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ती म्हणाली, अरे, कपडे वाळत घालायची दोरी कुठेय यांची?

तनयाची_आई
दोरी मागच्या अंगणात असते हो काकूंना सांगा :)

आम्ही फुटबॉलमधलं काहीही न कळणारे. पण मुलीला क्लबच्या सरावाला न्यायचं होतं, डे हेर्डगांगला. झाडीत आहे, एवढा मोठा क्लब तिथे सराव करतो हे खरंच वाटत नाही. कुंपणाशी पोरं आणि निवृत्त मंडळी, हातात थर्मास. महिलांची टीम २०१२ पासून आहे, २०२१ ला त्यांनी डच कप जिंकला हे तिनेच मला शिकवलं. आता घरी गॅलरीत कुंड्यांच्या मधून ड्रिबलिंग चालतं. दोन तुळशी गेल्या.

निळापांढरा
सगळे पीएसव्ही पीएसव्ही करताय, गावात दुसरा क्लब आहे बरं का. एफसी आइंडहोवन. १९०९ चा, म्हणजे पीएसव्हीपेक्षा जुना. १९५४ ला देशाचे विजेते. आता दुसऱ्या श्रेणीत, यान लाउवर्स स्टेडियमवर. तिकीट सहज मिळतं, मैदानाच्या अगदी जवळ बसता येतं, खेळाडूंचं ओरडणं ऐकू येतं. माझा घरमालक म्हणायचा की ज्याला फिलिप्सची नोकरी नव्हती त्याचा हा क्लब. मी तिथेच रमलो.

स्ट्राइपकर
@निळापांढरा आजोबांचे सख्खे भाऊ निळ्या-पांढऱ्याचे, म्हणजे तुमच्या एफसीचे होते. ख्रिसमसच्या जेवणात फुटबॉलवर बोलायला बंदी होती त्यांच्याकडे.

पेन्शनर
१९८८ बद्दल. इथल्या बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीत नसेल. क्वार्टर फायनलपासून फायनलपर्यंत पीएसव्हीने एकही सामना जिंकला नाही. बोर्दोशी १-१, ०-०. रेआल माद्रिदशी १-१, ०-०. बेनफिकाशी फायनल ०-०. एकूण गोल सारखे झाले की बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जायचा, तसे दोनदा पुढे, आणि शेवटी पेनल्टीवर ६-५. वेलोसोची पेनल्टी अडवली तोच फोटो तुमच्याकडे आहे.

यावर पुष्कळ जण नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. माद्रिदला त्यांच्या घरात एक गोल मारून यायचं आणि मग आपल्या घरात त्यांना नव्वद मिनिटं कोरडं ठेवायचं, याला नशीब म्हणत नाहीत. बचाव ही कला आहे. कर्णधार गेरेट्स, कूमन, प्रशिक्षक हिडिंक. त्याच वर्षी लीगही, कपही. आणि महिन्याभरात नेदरलँड्स युरो जिंकलं, त्यातही फान ब्रुकेलन आणि कूमन होतेच.

मंगळवार_पेठ
काका हे वाचून अंगावर काटा आला. पाच ड्रॉ आणि कप!

फोंड्यावरून
आमच्या गोव्यात कंपनीची टीम म्हणजे खाणवाल्यांची. साळगावकर, धेंपो, सेझा. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर फातोर्ड्याला जायचो. अर्धं स्टेडियम हिरवं, अर्धं पांढरं. २०१६ ला साळगावकर आणि धेंपो दोन्ही आय-लीगमधून बाहेर पडले. मुंबईची महिंद्रा युनायटेड २००६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला बंद. मालकाने ठरवलं की टीम बंद, हे आपल्याकडे चालत आलंय.

म्हणून मला पीएसव्हीचं फार कौतुक वाटतं. फिलिप्सचं मुख्यालय १९९७ ला अॅमस्टरडॅमला गेलं. शर्टावरचं नाव १९८२ पासून होतं, ते २०१६ ला निघालं. २०११ ला क्लब पैशांच्या अडचणीत होता तेव्हा नगरपालिकेने स्टेडियमखालची जमीन विकत घेतली आणि त्यांनाच भाड्याने दिली. म्हणजे टीम कंपनीची राहिली नाही, गावाने ती ठेवून घेतली. २०१९ ला शर्टावर ब्रेनपोर्ट आइंडहोवन (इथल्या तंत्रज्ञान-पट्ट्याचं नाव) आलं, परिसरातल्या पाच कंपन्या मिळून. असं पणजीत झालं असतं तर!

वाडीकर
@फोंड्यावरून हे फार मोलाचं लिहिलंत. त्या पाचात एएसएमएल आणि फिलिप्स दोन्ही आहेत. आमच्या ऑफिसात शर्टाचा विषय निघाला की लोक "आपला शर्ट" म्हणतात, मलाही आता सवय झालीय.

बाराखडी
कोणी वुन्सेलच्या शनिवारच्या बाजारात ताजी मेथी बघितली का या आठवड्यात? विषयांतराबद्दल क्षमस्व.

तनयाची_आई
@बाराखडी होती, सकाळी अकराच्या आत जा. कोथिंबिरीच्या जुड्या पण छान.

सुहास_मिलान_२००५
मेथी घ्या पण २००५ विसरू नका. चॅम्पियन्स लीग सेमी. मिलानमध्ये २-० ने हरलो. घरी पार्क जी-सुंगचा गोल, मग कोकू, २-०, बरोबरी! मी पुण्यात होस्टेलवर, टीव्ही रूममध्ये तिघंच, बाकीचे झोपलेले. जादा वेळ दिसत होता. आणि ९१व्या मिनिटाला अँब्रोसिनीचं हेडर. त्यानंतर लगेच कोकूने तिसरा मारला, ३-१, पण बाहेरच्या गोलावर मिलान पुढे. वॉचमनकाका विचारत होते, पोरांनो परीक्षेचा निकाल लागला का. पुढे ती फायनल लिव्हरपूलने ०-३ वरून जिंकली, सगळे त्याच्याबद्दल बोलतात. मला अजून तो हेडर दिसतो.

पेन्शनर
@सुहास, सहानुभूती. पार्कबद्दल एक: सुरुवातीला घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. त्याच लोकांनी पुढे त्याच्या नावाचं गाणं केलं.

ऑनसाइटवाला
२००७! मी तेव्हा प्रोजेक्टवर तिथे होतो. लीगचा शेवटचा दिवस, आयाक्स, पीएसव्ही, एझेड तिघांचे ७२ गुण. एझेड सगळ्यात पुढे गोलफरकावर, पीएसव्ही तिसरी. शेजारच्या गॅलरीत रेडिओ, आमच्याकडे टीव्हीवर टेलिटेक्स्टचं बातम्यांचं पान, दर मिनिटाला आकडे बदलतात. एझेड एक्सेल्सियरकडून ३-२ हरतेय. आयाक्स २-० जिंकतेय. पीएसव्ही फिटेसला ४-१, आणि तरी एक गोल कमी. मग कोकूचा पाचवा. संपूर्ण गल्ली एकदम ओरडली, मला टेलिटेक्स्टच्या आधी गल्लीतून कळलं. गोलफरक +५० आणि +४९. एका गोलाने लीग!

त्या रात्री आमच्या रूमवर खिचडी करपली, कोणालाच फरक पडला नाही.

लंपेगात
खिचडी करपली तर खालची पापडी काढून तूप घालून खायची, सगळ्यात भारी तीच.

विजयाच्या मिरवणुकीबद्दल कोणी लिहिलं नाही? सपाट गाडीवर सगळी टीम उभी, गावातून नगरपालिकेच्या चौकापर्यंत. ट्रॅक्टर नाही ट्रक असतो पण थाट आपल्या गणपतीचाच. खांद्यावर पोरं, खिडक्यांतून आज्या. अॅमस्टरडॅमवाले इथल्यांना शेतकरी म्हणून चिडवतात तर हे स्वतःच तालावर "शेतकरी, शेतकरी" ओरडतात, अभिमानाने. मला हे फार आवडलं.

टीयूई_पोरगा
२०२५ चा मी साक्षीदार आहे. पाच सामने राहिले होते आणि आयाक्स ९ गुणांनी पुढे. लॅबमधल्या डच मित्राने स्कार्फ कपाटात ठेवून दिला होता. मग आयाक्स घसरत गेली. फायनूर्डच्या मैदानावर पीएसव्ही ०-२ मागे, तिथून ३-२, नोआ लांगचा गोल भरपाईच्या वेळात अगदी शेवटी. तीन दिवसांनी ग्रोनिंगेनने आयाक्सला भरपाईच्या नवव्या मिनिटाला बरोबरीत गाठलं. मी पबमध्ये होतो, अनोळखी माणसाने मला उचललं. १८ मेला स्पार्टाविरुद्ध ३-१, एका गुणाने सव्विसावं विजेतेपद.

मंगळवार_पेठ
नऊ गुण पाच सामन्यांत?? आमच्याकडे असं झालं असतं तर पेठेत आठवडाभर हलगी वाजली असती.

कात्रणवेडी
पुतळ्यांबद्दल सांगते. स्टेडियमबाहेर विली फान डर काउलन. पीएसव्हीसाठी लीगमध्ये ३०८ गोल. आणि कून डिलन, १९५६-५७ च्या एका मोसमात ४३ गोल, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. २०२१ मध्ये फान डर काउलन गेले तेव्हा पुतळ्याच्या पायाशी फुलं, मेणबत्त्या आणि स्कार्फ साठले होते. एका स्कार्फला सेफ्टी पिनने लहान मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी लावली होती.

१९७८ ला बास्टियाला ३-० हरवून यूएफा कप घेतला तेव्हा तिसरा गोल त्यांचाच. त्या टीममध्ये रेने आणि विली हे फान डे केरखोफ जुळे भाऊ. त्याच वर्षी वर्ल्ड कप फायनलला रेनेच्या हातावरच्या प्लास्टरवरून अर्जेंटिनाने मॅच सुरू व्हायच्या आधी केवढा गोंधळ घातला होता!

पेन्शनर
@कात्रणवेडी वा. आता मेनेर (म्हणजे श्रीयुत) फ्रिट्सबद्दल कोणीतरी लिहा. नाही तर मीच लिहितो. फ्रिट्स फिलिप्स, संस्थापकांच्या घरातले, कंपनीचे प्रमुख. मॅचला खास कक्ष सोडून साध्या स्टँडमध्ये लोकांमध्ये बसायचे. महायुद्धात ज्यू कामगारांना वाचवलं म्हणून इस्रायलने त्यांचा गौरव केला. २००५ ला शंभर वर्षांचे झाले तेव्हा गावाने एका दिवसासाठी स्वतःला त्यांचं नाव दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात गेले. मालक आपल्या शेजारच्या खुर्चीत बसून थंडीत कुडकुडतोय, हे बघितलेल्या कामगाराला क्लब आपला का वाटणार नाही?

स्ट्राइपकर
पेन्शनर काका, आजोबा त्यांच्या मागच्या रांगेत बसायचे असं नेहमी सांगतात. रविवारी भेटायला जाणार आहे, तुमचं हे त्यांना डचमध्ये वाचून दाखवते.

बाराखडी
मेथी मिळाली! आणि एक विचारायचं होतं. सासू-सासरे येतायत, सासऱ्यांनी आयुष्यभर फिलिप्सचा रेडिओ वापरला. त्यांना काय काय दाखवू?

वाडीकर
@बाराखडी एमासिंगलवरचं फिलिप्स म्युझियम नक्की. १८९१ ला पहिले दिवे जिथे बनले ती जागा. तिथून स्टेडियम चालत जवळ, आजी-आजोबांना जमेल. ट्रेनने येणार असाल तर स्ट्राइप-एस स्टेशनलाही उतरता येतं. मॅचच्या दिवशी मात्र जाऊ नका, स्टेडियमजवळच्या फ्रेडेरिकलान रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही.