व्यापारबंदीपूर्वी कच्च्या मालाचा विचार व्हावा

चीनशी सर्व व्यापार थांबवला तर सीमेवरची त्याची अरेरावी आपोआप कमी होईल, हे तुम्ही मांडलेले मत मला कळकळीचे वाटते, पण पटत नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान हुतात्मा झाले, ती सल माझ्याही मनात आहे. तरीही २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्याला जेमतेम १४ अब्जांचा विकला, हे वास्तव घोषणांनी बदलत नाही.

मी इंदूरला राहतो आणि पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात खरेदीचे काम पाहतो. आमच्या गोदामात चिनी लेबले असलेल्या निळ्या पिंपांवर आमची तपासणीची चिठ्ठी डकवली जाते, आणि त्याच पिंपांतल्या मूळ औषधी द्रव्याच्या भुकटीच्या गोळ्या होऊन त्या सराफ्याजवळच्या दुकानांत विकल्या जातात. एकेकाळी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनत असे. पुढे स्वस्त चिनी मालापुढे टिकाव न लागल्याने देशातले पेनिसिलिन-जीचे (ज्यापासून इतर प्रतिजैविके बनतात त्या मूळ पेनिसिलिनचे) कारखाने एकामागून एक बंद पडले, आणि ही विद्या आपण स्वतःच्या हाताने घालवली, याचे मला फार वाईट वाटते. २०२० साली सरकारने अशा मूळ औषधी द्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली, ती योग्यच आहे. मात्र किण्वनाचा, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून औषधी द्रव्य बनवून घेण्याचा, कारखाना उभा राहून त्याचा माल चिनी भावाशी स्पर्धा करू लागेपर्यंत वर्षे जातात. तोवर आयात तोडली, तर त्याची झळ बीजिंगच्या आधी इथल्या रुग्णाला लागेल.