न्यायमूर्तींच्या राजीनाम्याचा मुहूर्त

भुईकोट
दाते पंचांग आपल्या सोलापुरातून निघतं, तेव्हा मुहूर्तावर बोलायचा हक्क आपल्याला आहेच असं धरून धागा काढतोय.

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचं निवृत्तीचं वय घटनेनं ठरवलेलं, 62. (1963 पर्यंत 60 होतं.) तिथं मुहूर्त काढायला वाव नाही. राजीनामा मात्र कधीही देता येतो. राष्ट्रपतींना सहीचं पत्र पाठवलं की झालं. मंजुरी लागत नाही. राजकारण आहे ते त्या पत्रावरच्या तारखेत.

कलकत्ता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय घ्या. शिक्षकभरती घोटाळ्यात सीबीआय चौकशीचे आदेश देऊन राज्य सरकारला घाम फोडला. 5 मार्च 2024 ला राजीनामा, 7 मार्चला भाजपमध्ये, जूनमध्ये तमलूकचे खासदार. ऑगस्टमध्ये तसेही निवृत्त होणार होते, पण लोकसभेची निवडणूक ऑगस्टपर्यंत थोडीच थांबणार होती! आदेश बरोबरही असतील. पण ज्याच्याविरुद्ध ते गेले, त्यानं आता काय समजायचं?

माझं म्हणणं एवढंच: खुर्ची सोडल्यावर दोन वर्षं पक्ष नाही, तिकीट नाही, सरकारी पद नाही.

काळाकोट
वीस वर्षं सोलापुरात वकिली करतोय, म्हणून बोलतो. राजीनामा म्हणजे तिकीटच, असं कोणी सांगितलं? नागपूर खंडपीठाच्या रोहित देवांनी 4 ऑगस्ट 2023 ला भर कोर्टात राजीनामा जाहीर केला. स्वाभिमानाला मुरड घालून काम करणार नाही म्हणाले. त्यांनाही तुमची दोन वर्षांची शिक्षा? आधीच कलम 220 मुळे ज्या हायकोर्टात कायम न्यायमूर्ती होते तिथं वकिली बंद. चालती प्रॅक्टिस सोडून बेंचवर कोण यायचं मग?

भुईकोट
वकिलीचं नाव मी काढलंच नाही, साहेब. पुन्हा वाचा.

चादरवाला
मला तर राजीनामा देऊन मतं मागणाराच बरा वाटतो. पडला असता तर घरी बसला असता की! जे शेवटच्या दिवसापर्यंत खुर्चीत बसतात, त्यांचं काय? रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 ला निवृत्त, मार्च 2020 ला राज्यसभेत. अब्दुल नझीर जानेवारी 2023 ला निवृत्त, पुढच्याच महिन्यात राज्यपाल. हे सुप्रीम कोर्टातले, मान्य. पण त्यांना मत कुणी दिलं?

जुनी_मिल
आणि हे आजचं नाही. बहरूल इस्लाम आधी काँग्रेसचे राज्यसभा खासदार, तिथून थेट गुवाहाटी हायकोर्टात. 1980 च्या मार्चमध्ये निवृत्त झाले, तर डिसेंबरात इंदिराबाईंच्या सरकारनं त्यांना सुप्रीम कोर्टात बसवलं. निवृत्तीला दीड महिना असताना, जानेवारी 1983 मध्ये, राजीनामा दिला. कशासाठी? काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभा लढवायला!

त्याआधीचे छागला. 1958 मध्ये विधी आयोगाच्या चौदाव्या अहवालात शिफारस होती की न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये. छागला त्या आयोगाचे सदस्य. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचं मुख्य न्यायमूर्तिपद सोडून ते अमेरिकेत राजदूत झाले. माणूस मोठा, त्यात वाद नाही. पण शाई तरी वाळू द्यायची.

काळाकोट
छागलांचं मला माहीत आहे, त्यावर बोलत नाही. पण मूळ दुखणं 62 आणि 65 मधल्या फरकात आहे. सुप्रीम कोर्टात गेलात तर तीन वर्षं जास्त, म्हणून साठीनंतर सगळ्यांचे डोळे दिल्लीकडे. हायकोर्टालाही 65 करायचं विधेयक 2010 मध्ये आलं होतं, 2014 मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. ते करा, निम्मी धावपळ थांबेल.

चादरवाला
आणि 65 नंतर राज्यपाल व्हायचं. काय बदललं हो?

आत्याची_भाची
तुमचं चालू द्या. माझ्या आत्यांच्या जमिनीच्या अपिलात सगळा युक्तिवाद झाला, निकाल राखून ठेवला, आणि न्यायमूर्ती निघून गेले. पुन्हा पहिल्यापासून. ते पक्षात गेले की घरी, आम्हाला काय फरक? जाणाऱ्यानं आधी राखून ठेवलेले निकाल द्यावेत, मग कुठंही जावं. हा नियम का नाही मागत कोणी?

काळाकोट
निवृत्तीची तारीख ठाऊक असते, ताई, त्यामुळे बरेचजण शेवटच्या आठवड्यात निकाल मोकळे करतात. राजीनाम्यात ते राहून जातं. तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

चादरवाला
18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला बेंच झालंय की. तेवढं तरी जवळ आलं.

आत्याची_भाची
आलं, खरंय. सांगोल्यावरून गाडी करून एका दिवसात परत येता येतं. पण सगळं पुन्हा पहिल्यापासून होणार, हे आत्यांना कोण सांगणार? अजून कुणी सांगितलेलं नाही.