स्टेजवरचा स्टेरिओ बदनाम करू नका

सहावी तार, नाशिक रोड

परवा इथे एकांनी लिहिलं, "मल्टिइफेक्टचा स्टेरिओ हेडफोनपुरता ठीक. लॉन्सवर दोन केबल आणल्या की गिटार पातळ होते. एक केबल, मोनो, विषय संपला." खाली सगळ्यांनी री ओढली. मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मल्टिइफेक्ट म्हणजे गिटारचे सगळे इफेक्ट एकाच मशीनमध्ये; स्टेरिओ म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी, मोनो म्हणजे सगळं एकाच वाटेने. गिटार पातळ होते ती स्टेरिओमुळे नाही. सिग्नल कुठून कुठे जातोय हे कुणी बघत नाही, म्हणून होते.

गेल्या सीझनला गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर साउंडचेकला एक पोरगा रडकुंडीला आला होता. पिंगपाँग डिले (एक प्रतिध्वनी डावीकडे, पुढचा उजवीकडे) लावला की एकाआड एक टोला गायब. सगळे म्हणाले, मशीन गेलं. मी मागे वाकून पाहिलं, तर उजव्या आउटपुटला एक केबल खोचलेली आणि तिचं दुसरं टोक स्टेजखाली मोकळं. बहुतेक मशीनवर डाव्या जॅकपाशी 'एल/मोनो' लिहिलेलं असतं. उजवा जॅक रिकामा असेल तरच तिथून दोन्ही बाजू एकत्र येतात. उजव्यात नुसती पिन गेली तरी डावीकडून फक्त डावी बाजू निघते. केबल उपटली, सगळे टोले परत आले.

घोळाची दुसरी जागा चेनमध्ये, म्हणजे मशीनमध्ये इफेक्टचे ब्लॉक एकामागून एक लावण्याच्या क्रमात. काही मशीनमध्ये अँपचा किंवा ओव्हरड्राइव्हचा ब्लॉक मोनो असतो. तो डिलेनंतर ठेवलात की दोन्ही बाजू तिथेच एक झाल्या. पुढे कितीही रुंद रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) लावा, डिलेचे टोले मधोमधच पडणार.

आणि हेडफोनच्या जॅकमधून स्टेरिओ पिनने मिक्सरच्या एका चॅनलला जाणं कृपा करून बंद करा. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट पिनेवरच्या दोन सिग्नलमधला फरक घेतं, म्हणजे डाव्यातून उजवं वजा करतं. मधोमध असलेली मूळ गिटार वजा होते आणि उरतो तो रिव्हर्ब. विहिरीत कुणी वाजवतंय असं ऐकू येतं आणि नाव स्टेरिओचं खराब होतं.

फेडर, सिडको

दादा, केबलचं सगळं बरोबर. पण मिक्सरच्या मागे मी उभा असतो. डावीकडच्या टेबलावरचा माणूस डाव्या टॉपपासून (मोठ्या स्पीकरपासून) 3 मीटरवर, उजव्यापासून 14 मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे उजवीकडचं त्याला 32 मिलिसेकंद उशिरा आणि बारीक पोचतं. त्याच्यासाठी तुमचा पिंगपाँग अर्धाच. शिव्या कोण खातं? गिटारवाला नाही, मी.

शिवाय 16 चॅनलचं मिक्सर. ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, गायक, निवेदक. गिटारला दोन चॅनल आणू कुठून?

सहावी तार, नाशिक रोड

कीबोर्डला दोन-दोन देताना चॅनल कुठून येतात?

पिंगपाँग लॉन्सवर नको, एवढं मानतो. एवढंच. कोरसचं, म्हणजे मूळ आवाजात किंचित डोलणारी नक्कल मिसळणाऱ्या इफेक्टचं, काय? रोलँडचा जेसी-120 हा गिटार अँप 1975 साली आला. एका स्पीकरमधून कोरी गिटार, दुसऱ्यातून डोलणारी, आणि दोन्ही हवेत मिसळतात. लोक आजही त्याच आवाजासाठी जीव टाकतात.

मिक्सडाउन, इंदिरानगर

तो दोन हातांच्या अंतरावरचा स्पीकर, लॉन नव्हे. आणि खरा घोळ मोनो करताना होतो, तो तुम्ही सोडलात. डबलरने (एका गिटारच्या दोन भासवणाऱ्या इफेक्टने) एका बाजूला 10 मिलिसेकंद उशीर दिलाय, दोन्ही बाजू सारख्या मोठ्या आहेत, आणि त्या एकत्र केल्या: 50, 150, 250 अशा दर 100 हर्ट्झवर आवाजात खड्डे पडतात. काही वाइडनर (आवाज रुंद करणारे इफेक्ट) एक बाजू चक्क उलटी करतात, मग मोनोत दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात. 'एल/मोनो' लावलं की सुटलो असं नाही.

लीड मास्तर, पंचवटी

ते फेजचं, म्हणजे दोन बाजूंनी एकमेकींना खोडण्याचं, राहू द्या. दोन केबल लावल्या की हम (सतत घूं असा आवाज) येतो, त्याचं बोला. बॅकिंग ट्रॅकचा लॅपटॉप यूएसबीने जोडला की जास्तच. मी चार्जरच्या पिनेवर अर्थिंगची जाड पिन काढून टाकतो. हम बंद.

फेडर, सिडको

मास्तर, हे इथे लिहू नका! पोरं वाचतात. तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन, रात्री गवत दवाने ओलं, जनरेटरवर सगळं चालू. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकला. एका माणसाला असा झटका बसलेला मी पाहिलाय, माइक हातातून सुटत नव्हता. हमसाठी डीआय बॉक्सवर (वाद्याची केबल मिक्सरला जोडणाऱ्या डब्यावर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग नाही.

लीड मास्तर, पंचवटी

इतकी वर्षं वाजवतोय, मला काही झालं नाही. डीआय बॉक्स तुम्ही आणता का कधी? भाडं पूर्ण घेता आणि डबा गिटारवाल्याने आणायचा!

फेडर, सिडको

मी आणतो. जो आणत नाही त्याला बोला. तुम्हाला काही झालं नाही हे नशीब, उपाय नाही. स्टेजच्या बोर्डावर मल्टिमीटर लावा. फेज (विजेची जिवंत तार) आणि अर्थमध्ये 230 च्या आसपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट. तसं नसेल तर जनरेटरवाल्याला बोलवा, त्याशिवाय प्लग लावू नका.

सहावी तार, नाशिक रोड

अर्थिंगवर मी शंभर टक्के फेडरच्या बाजूने. मास्तर, वयाने मोठे आहात, पण ही सवय सोडाच. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा हम तिथेच जातो.

लीड मास्तर, पंचवटी

बॅटरी दोन तास पुरत नाही. बरं, डीआय घेतो. पण स्टेरिओ तरीही नको.

मिक्सडाउन, इंदिरानगर

स्टेरिओ पॅच (मशीनमधली इफेक्टची जुळणी) बनवा, पण घरीच मोनो करून ऐका. गिटार बारीक झाली तर डबलर काढा. पॅन (डावीकडे-उजवीकडे सरकवायचं बटण) टोकाला नेऊ नका, निम्म्यावर ठेवा.

फेडर, सिडको

निम्म्यावर चालेल. साउंडचेकला वेळेवर आलात तर दोन चॅनल देईन. वरात निघाल्यावर केबल घेऊन आलात तर एकच मिळेल.

सहावी तार, नाशिक रोड

वेळेवर येतो. कीबोर्डवाल्यालाही हीच अट घाला.