इंग्लंड: मागच्या अंगणातल्या शेडला परवानगी लागते का?

प्रश्न: रेडिंगला घरामागे ३ बाय ४ मीटरची लाकडी शेड टाकायचीय. सायकली गंजल्या, आईची कुंड्यांच्या मातीची पोती भिजून फुटली. कुंपणापासून जेमतेम हातभर जागा सुटते. कौन्सिलकडे अर्ज करावा लागेल का?

उत्तर: ताई, अटी पाळल्या तर अर्ज लागत नाही. कुंपणापासून २ मीटरच्या आत असेल तर एकूण उंची २.५ मीटरच्या वर नको. उंची मूळ जमिनीपासून मोजा, पायासकट! मी पायाच्या फरशा धरल्याच नव्हत्या, छप्पर ८ सेंटीमीटर वर गेलं. भर पावसात सगळं उतरवून खांब कापले.

उत्तर: घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे नको. घराभोवतीच्या मूळ जागेपैकी निम्म्याहून जास्त बांधकामाखाली जाता कामा नये, जुनी वाढीव खोलीही त्यात धरा. फ्लॅट किंवा लिस्टेड (वारसा म्हणून सरकारी यादीत असलेलं) घर असेल तर ही सूट नाही.

प्रश्नकर्ती: घर साधंच आहे. बिल्डिंग रेग्युलेशनचं, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षा-नियमांखालच्या मंजुरीचं, काय?

उत्तर: तुमची १२ चौरस मीटर होते. १५ च्या आत आणि झोपायची सोय नसेल तर ती मंजुरी लागत नाही. वीज नेणार असाल तर मात्र नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच बोलवा, त्यात काटकसर नको.