‘मिसिंग ऑथरायझेशन’: गहाळ नक्की काय झालंय?

प्रश्नकर्ती:
वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीच्या प्लगइनांमधल्या, म्हणजे तिला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधल्या, सुरक्षा-त्रुटींच्या सूचना मराठीत आणायचं काम हातात आहे. ‘मिसिंग ऑथरायझेशन’ ही जोडी सारखी आडवी येते. यांत्रिक भाषांतराने ‘गहाळ अधिकृतता’ असं दिलं. वाचून वाटलं, अधिकृतता नावाची फाइल कपाटात होती आणि कुणीतरी ती लांबवली. मी ‘अनधिकृत प्रवेश’ केलं, तर तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. कोशातलं ‘प्राधिकरण’ वापरू म्हटलं, पण मी पुण्याजवळच्या निगडीची, तिथे वस्तीचंच नाव प्राधिकरण. प्राधिकरण म्हटलं की मला सेक्टर नंबर आठवतात. काय लिहू?

प्लगइन लिहिणारा:
लाल रेघ बरोबर आहे. अनधिकृत प्रवेश हा घुसणाऱ्याचा उद्योग. ही चूक घर बांधणाऱ्याची. त्रुटींच्या सीडब्ल्यूई यादीत तिला ८६२ असा स्वतंत्र क्रमांकही आहे.

२०१८च्या नोव्हेंबरातलं प्रकरण बघा. डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स हे प्लगइन तेव्हा एक लाखाहून जास्त संकेतस्थळांवर होतं. काम काय, तर युरोपचा खासगीपणाचा कायदा पाळायला मदत करायची! त्याच्या १.४.२पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘हे सेटिंग बदल’ अशी विनंती आली की प्लगइन ती मुकाट्याने अमलात आणायचं. विनंती करणारा कोण, त्याला सेटिंगला हात लावायचा हक्क आहे का, काही विचारायचं नाही. हल्लेखोरांनी दोनच गोष्टी फिरवल्या: नोंदणी सर्वांना खुली, आणि नव्याने नोंदणी करणारा थेट प्रशासक. मग रीतसर फॉर्म भरला आणि मालक होऊन बसले. पासवर्ड चोरला नाही, कुलूप फोडलं नाही. १.४.३मध्ये दुरुस्ती आली.

म्हणजे गहाळ काहीच झालेलं नाही. विचारायचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

निवृत्त महसूल कर्मचारी:
संगणकातलं मला कळत नाही, पण हे कळलं. सातबारा कुणीही पाहावा. फेरफाराची नोंद तलाठी धरतो आणि ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. उद्या चावडीत आलेल्या कुणीही त्या नोंदीवर सही ठोकली आणि ती चालून गेली, तर त्या माणसाला काय म्हणायचं ते नंतर बघू. आधी सही कुणाची हे न पाहणारं दप्तर बिघडलेलं आहे.

आमच्याकडे या हक्काला जुना शब्द आहे, अखत्यार. ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य नोकरीभर बोललो (कधी कधी खरंही असायचं). शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. मुखत्यारपत्रातला मुखत्यारही त्याच घराण्यातला.

जाता जाता एक तक्रार. ‘ऑथेंटिकेशन’ला ‘प्रमाणीकरण’ म्हणू नका. आमच्या लेखी प्रमाणित होते ती नोंद. माणसाची ओळख पटते.

प्रश्नकर्ती:
काका, पटतं, पण उशीर झाला. कर्जमुक्तीच्या वेळी गावोगावचे शेतकरी ‘आधार प्रमाणीकरणा’साठी रांगेत उभे होते. तो शब्द आता रुजला. मी ‘प्रमाणीकरण’ ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे ओळख पटवणे’ असं जोडते. ‘ऑथरायझेशन’ मात्र त्याच्यापासून लांब ठेवायला हवं. दोन्हीकडे ‘प्रमाण-’, ‘प्राधि-’, ‘अधिप्र-’ असं काहीतरी आलं की वाचणारा गोंधळलाच.

प्लगइन लिहिणारा:
इंग्रजीनेही कुठे नीट ठेवलंय? विनंती नाकारताना वेब सर्व्हर ‘४०१ अनऑथराइझ्ड’ असा संकेत देतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘तुझी ओळख पटलेली नाही’ असा असतो. ओळख पटली तरी हक्क नाही, हे सांगायला ४०३ आहे.

शब्दांच्या या सदरात शोभेल अशी आणखी एक गंमत. यातली काही भगदाडं निव्वळ शब्दाचा अर्थ चुकल्यामुळे पडतात. वर्डप्रेसमध्ये ‘इझ-ॲडमिन’ नावाचं फंक्शन आहे. नाव ऐकून नवशिक्याला वाटतं, ते ‘हा माणूस प्रशासक आहे का?’ हे सांगतं. प्रत्यक्षात ते एवढंच सांगतं की विनंती प्रशासनाच्या बाजूच्या पानासाठी आली आहे का. लॉगिन न केलेल्या परक्याने ॲडमिन-एजॅक्सचं, म्हणजे पडद्यामागच्या विनंत्या घेणाऱ्या फाइलचं, दार वाजवलं तरी उत्तर ‘हो’ येतं. विचारायचं असतं ‘करंट-युजर-कॅन’ला: याला हे करता येतं का?

‘नॉन्स’चंही तेच. मूळ अर्थ एकदाच वापरायचा आकडा. वर्डप्रेसमधला नॉन्स २४ तासांपर्यंत चालतो, आणि विनंती आपल्याच पानावरून, त्याच माणसाच्या इच्छेने आली की नाही, एवढंच त्यातून कळतं. हक्काबद्दल तो काही बोलत नाही. एप्रिल २०२२मध्ये एलिमेंटर या पानं रचायच्या प्लगइनच्या ३.६.०पासूनच्या आवृत्त्यांत हेच झालं: नॉन्स तपासला, हक्क तपासलाच नाही. साधा नोंदणीकृत सदस्यही आपली फाइल सर्व्हरवर चढवून चालवू शकत होता. ३.६.३मध्ये ते बुजवलं.

प्रश्नकर्ती:
मग शीर्षकात ‘अधिकार-तपासणीचा अभाव’ लिहिते. मजकुरात सरळ वाक्य: ‘सेटिंग बदलण्याआधी प्लगइन वापरकर्त्याचा अधिकार तपासत नाही.’ कर्ता प्लगइन, म्हणजे दोष कुणाचा ते व्याकरणातच आलं. शेजारची ८६३, जिथे तपासणी असते पण चुकीची, तिला ‘सदोष अधिकार-तपासणी’.

‘परवानगीचा अभाव’ मुद्दाम टाळते. त्यातून वापरकर्त्याकडे परवानगी नव्हती, एवढाच बोध होतो. ती नव्हतीच, आणि तरीही काम झालं, हीच तर अडचण आहे.

निवृत्त महसूल कर्मचारी:
आमचा अखत्यार कुठे गेला?

प्रश्नकर्ती:
त्याला जागा आहे. वर्डप्रेसमध्ये सदस्य, प्रशासक अशा प्रत्येक भूमिकेला ठरावीक ‘कॅपॅबिलिटी’, म्हणजे करू दिलेली कामं, असतात. त्यांना आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘क्षमता’ म्हटलंय. त्यामुळे एका सूचनेत चक्क ‘सदस्यांची सेटिंग बदलण्याची क्षमता नसते’ असं वाक्य आहे. बिचारे सदस्य! तिथे ‘सेटिंग बदलणे सदस्यांच्या अखत्यारीत नसते’ असं आजच करून टाकते.